पापणीवरचा डाग आणि रक्तातला दोष

कोणताही मार न लागता डोळ्यांभोवती उमटलेले जांभळे डाग, चिमटीत धरताच काळीनिळी पडणारी कातडी आणि कडांवर दातांचे ठसे वागविणारी सुजट जीभ ही लक्षणे एकाच रोग्यात आढळली, म्हणजे आजचा जाणता त्वचारोगतज्ज्ञ मलमाचा विचार बाजूस ठेवून प्रथम रक्ताचा तपास मागतो; परंतु त्वचेतील अमायलॉइडच्या, म्हणजे तंतुरूप होऊन साचणाऱ्या पदार्थाच्या, साठ्याचे मूळ रक्तातील दोषात असू शकते, हे निर्विवाद सिद्ध होण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

१८५४ साली रुडॉल्फ विर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने, आयोडीनने रंग बदलतो एवढ्या दाखल्यावर, हा पदार्थ पिष्टाच्या जातीचा ठरविला. पाचच वर्षांत फ्रीडराइख व केकुले यांनी तो प्रथिनमय असल्याचे दाखवून दिले. त्याआधीच लंडनमध्ये हेन्री बेन्स जोन्स यांनी एका रोग्याच्या लघवीत तापविताना साकळणारे व उकळीला पुन्हा विरघळणारे एक चमत्कारिक प्रथिन नोंदविले होते. ही दोन प्रकरणे वैद्यकाच्या दप्तरात निरनिराळ्या रुमालांत बांधून पडली. १९३१ साली माग्नुस-लेव्ही यांनी त्यांच्यात नाते असावे असा संशय व्यक्त केला खरा, पण त्याची रुजुवात १९७१ साली ग्लेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली: बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडांच्या ज्या हलक्या शृंखला प्रमाणाबाहेर निर्माण करतात, त्यांचेच तुकडे तंतुरूप होऊन अवयवांत साचतात.

मधल्या काळात निदानाची सारी भिस्त काँगो रेड या रंगावर राहिली. सुती कापडासाठी निघालेला आणि आफ्रिकेच्या वाटणीसाठी भरलेल्या बर्लिन परिषदेच्या गाजावाजात नाव मिळालेला हा रंग १९२२ साली बेनहोल्ड यांनी रोगनिदानात आणला. १९२७ साली बेल्जियममध्ये दिव्ही व फ्लोर्कें यांना त्याने रंगविलेला साठा ध्रुवित प्रकाशात कच्च्या सफरचंदासारखा हिरवा चमकताना दिसला, आणि ती हिरवी झळाळी आजतागायत प्रमाण मानली जाते. १९७३ साली स्वीडनमध्ये वेस्टरमार्क व स्टेनक्विस्ट यांनी पोटावरील चरबी सुईने ओढून काचपट्टीवर तपासण्याची सोपी रीत घालून दिल्यापासून मूत्रपिंडाचा वा यकृताचा तुकडा काढण्याची जोखीम अनेकांच्या बाबतीत टळली.

परंतु रंगाची साक्ष अपुरी आहे, आणि या सबंध मागोव्यात मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साठा आहे एवढे ती सांगते. तो कोणाचा, हे सांगत नाही. आपल्याकडे नायलॉनच्या घासणीने वर्षानुवर्षे पाठ घासणाऱ्यांच्या कातडीवर जे करडे, लहरींसारखे पट्टे दिसतात, त्यांतील अमायलॉइड त्वचेच्याच केराटिनपासून बनलेले असते व रक्ताशी त्याचा काही संबंध नसतो. तेव्हा अशा इसमास रक्तरोगाच्या भीतीने घाबरविणे हा अन्यायच होय. त्वचेत अमायलॉइडच्या गाठी होण्याचा प्रकार मात्र सरहद्दीवरचा. तेथे हलक्या शृंखला त्वचेतल्याच प्लाझ्मा पेशी निर्माण करतात, रक्त बहुधा निर्दोष निघते, आणि तरीही काही थोड्या रोग्यांत विकार पुढे सर्व शरीरभर पसरत असल्याने त्यांच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवावी लागते.

साठ्याची जात ओळखण्यातील चूक किती महाग पडते, हे २००२ साली ब्रिटिश वैद्यांनी प्रसिद्ध केलेल्या तपासणीने उघड केले: हलक्या शृंखलांचा विकार म्हणून गणलेल्या ३५० रोग्यांपैकी ३४ जणांचा विकार वस्तुतः आनुवंशिक होता, म्हणजे रक्तरोगावरील विषारी औषधांचे त्यांना प्रयोजनच नव्हते. त्याच सुमारास रक्तातील मुक्त हलक्या शृंखला मोजण्याची चाचणी प्रचारात आली, आणि पुढे काचपट्टीवरील साठा लेझरने कातरून मास स्पेक्ट्रोमेट्रीने त्यातील प्रथिनाची ओळख पटविण्याची सोय अमेरिकेतील मेयो क्लिनिकने उपलब्ध करून दिली. २०२१ साली डॅराट्युमुमॅब हे औषध हलक्या शृंखलांच्या विकारासाठी अमेरिकेत मंजूर झाल्याने त्या शृंखलांचे उत्पादन रोखणे पूर्वीपेक्षा पुष्कळच साधते. हृदयात आधीच साचलेले अमायलॉइड मात्र ते थेट काढून टाकीत नाही, म्हणून पापणीवरचा डाग पाहून रक्ताचा तपास किती लवकर मागविला जातो, यावर त्या रोग्याचे पुष्कळसे भवितव्य आजही अवलंबून राहते.