मुळांचा शोध आणि सरकारी द्रव्य

जमिनीवरचें पीक शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें वाढतें. जमिनीखालचें मात्र त्यास दिसत नाहीं. ह्या न दिसणाऱ्या भागाच्या अभ्यासाकरितां ब्रिटनमध्यें सार्वजनिक खर्चानें जें केंद्र निघालें, त्याची हकीकत आम्ही वाचकांस सादर करितों.

जुन्या मोटेचें चाक, नाडा, बैल व विहिरीची खोली हीं निरनिराळीं तपासून पाणी किती येईल हें सांगतां येत नाहीं. सर्वांचा मेळ पाहावा लागतो. वनस्पतीचेंही तसेंच आहे. तिचीं जनुकें, पेशी व संप्रेरकें ह्यांचा परस्परव्यवहार एकत्र मांडून त्याचें गणित बांधावयाचें व तें प्रयोगानें पारखावयाचें, ह्या पद्धतीस प्रणाली-जीवशास्त्र म्हणतात. त्यास जीवशास्त्रज्ञ, गणिती व अभियंते एका ठिकाणीं लागतात. म्हणून तेथील दोन सरकारी संशोधन-मंडळांनीं २००५ पासून मँचेस्टर, लंडन, न्यूकॅसल, नॉटिंगहॅम, एडिंबरो व ऑक्सफर्ड येथें अशा सहा केंद्रांस मुदतीचें अनुदान दिलें. नॉटिंगहॅमचें केंद्र २००७ मध्यें सटन बॉनिंग्टन येथील शेतकी आवारांत सुरू झालें. त्यानें मोहरीच्या कुळांतील अरॅबिडॉप्सिस ह्या क्षुद्र तणाचें मूळ अभ्यासास घेतलें.

तणाच्या मुळावर करदात्याचा पैसा कां खर्चावा, अशी शंका कोणासही येईल. तिचें उत्तर पुढील कामांत मिळतें. घट्ट मातींत मूळ खुंटतें तें केवळ त्याचा जोर अपुरा पडतो म्हणून, असा समज होता. २०२१ मध्यें त्याच विद्यापीठांतील बिपिन पांडे, माल्कम बेनेट व त्यांचे शांघाय येथील सहकारी ह्यांनीं निराळें कारण दाखविलें. मूळ इथिलीन नांवाचा वायु सोडतें. भुसभुशीत मातींत तो पोकळ्यांतून निघून जातो. दबलेल्या मातींत तो मुळाभोवतीं कोंडतो व वाढ थांबविण्याची सूचना देतो. ही सूचना न जाणणारीं अरॅबिडॉप्सिसचीं व भाताचीं रोपें घट्ट मातींतही अधिक सहज शिरलीं.

जड ट्रॅक्टरांच्या चाकांखालीं ज्यांचें रान दबलें आहे, त्यांस ह्याचें महत्त्व सांगावयास नको. तथापि शोध म्हणजे बियाणें नव्हे. तोंवर ओल्या रानांत जड यंत्र घालूं नये व शेणखताची हयगय करूं नये, हाच मार्ग उत्तम.

तणाच्या मुळांतून विकण्याजोगा माल लगेच निघत नाहीं. म्हणून खाजगी व्यापारी ह्या कामास सहसा हात घालीत नाहीं. तें काम सार्वजनिक द्रव्यानेंच व्हावें लागतें. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील आपल्या कृषि विद्यापीठांकडे आपण सुधारलेलें वाण मागतों. मुळांच्या व मातीच्या अभ्यासास स्थिर अनुदान मिळावें आणि त्यांत गणितीही असावेत, ही मागणीही आमच्या सभासदांनीं त्याच आग्रहानें करावी, अशी आमची विनंती आहे.