मज्जेतल्या रक्तवाहिन्यांचा शोध

२००९ साली ‘ब्लड’ या नियतकालिकात तैपेईच्या नॅशनल तैवान युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचा एक लेख आला. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाचं, म्हणजे एएमएलचं, नव्याने निदान झालेल्या ७८ रुग्णांचा त्यांनी उपचारांआधीच एमआरआय काढला होता. त्यातल्या एका आकड्यावरून कोण जास्त जगेल आणि कोण कमी, याचा अंदाज बांधता येतो, असं त्यांनी मांडलं.

ल्युकेमियात सहसा गाठ नसते. मग एमआरआयमध्ये पाहायचं काय?

एएमएलचं भाकीत त्याआधी बराच काळ वय, पांढऱ्या पेशींची संख्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं पेशींचं रूप यांवर चालत असे. १९७० च्या दशकात शिकागोच्या जॅनेट राउली यांनी गुणसूत्रांचे फोटो कापून घरातल्या जेवणाच्या टेबलावर मांडले आणि आठव्या व एकविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी गेल्याचं दाखवून दिलं. पुढे कळलं की हा बदल असलेल्या रुग्णांना केमोचा गुण चांगला येतो. भाकितासाठी आता पेशीच्या आत शिरायचं, अशी दिशा तेव्हापासून पक्की झाली.

दुसरी वाट बॉस्टनच्या जुडा फोकमन यांची. गाठीला वाढायचं तर नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या तोडल्या तर गाठ उपाशी मरेल, हे त्यांनी १९७१ मध्ये मांडलं आणि पुष्कळांनी ते मनावर घेतलं नाही. ल्युकेमियाच्या पेशी तर रक्तातच पोहतात, त्यांना वेगळ्या रक्तवाहिन्या कशाला, असं कुणालाही वाटेल. पण १९९७ मध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या हाडांतल्या मज्जेचे तुकडे तपासले तेव्हा त्यांत रक्तवाहिन्यांची दाटी सापडली. त्या अभ्यासात फोकमनही होते. २००० साली जर्मनीतल्या म्युन्स्टरहून एएमएलबद्दलही तसाच निष्कर्ष आला. या रोगालाही घर लागतं, आणि ते घर हाडाच्या आत असतं.

मात्र या वाहिन्या मोजायच्या तर कमरेच्या मागच्या हाडात जाड सुई घालून मज्जेचा तुकडा काढावा लागे. ज्यांनी ही तपासणी करून घेतली आहे, त्यांना तिची कळ वेगळी सांगायला नको. शिवाय तो तुकडा एकाच जागेचा. तैपेईच्या डॉक्टरांनी या अडचणीवर उपाय शोधला, आणि मला तो आजही फार सुंदर वाटतो.

रुग्णाला यंत्रात झोपवायचं. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं औषध सोडायचं आणि मणक्यांच्या त्याच भागाची चित्रं एकामागून एक टिपत राहायची. औषध मज्जेत पोचलं की तो भाग उजळतो. रक्तपुरवठा जितका भरपूर, वाहिन्या जितक्या गळक्या, तितका हा उजेड साधारणपणे जास्त. मूळच्या मानाने तो कमाल किती वाढला, तो आकडा म्हणजे ‘पीक’. साध्या एमआरआयमध्ये मज्जेतली चरबी उजळ दिसते आणि ल्युकेमियाच्या पेशी तिची जागा बळकावतात तेव्हा चित्र काळवंडतं. पण मज्जा रक्तक्षयातही काळवंडते, त्यामुळे त्या रंगावरून फारसं काही ठरवता येत नसे. इथे मात्र स्थिर चित्राऐवजी रक्ताची हालचालच मोजली जात होती.

केमोच्या पहिल्या टप्प्यानंतर रोग आटोक्यात आला की हा पीक उतरत असे. आणि निदानाच्या वेळीच ज्यांचा पीक चढा होता, ते रुग्ण तुलनेने कमी जगले. वय आणि गुणसूत्रांचे वाईट बदल हिशेबात धरूनही या आकड्याचं वजन उरत होतं. यावरून रक्तवाहिन्या रोखणाऱ्या औषधांचा उपयोग कुणाला होईल हेही कळेल, अशी आशा लेखात होती.

ती आशा फळली नाही. बेव्हासिझुमॅब हे तसंच औषध. वयस्क रुग्णांना ते केमोबरोबर देऊन नेदरलँड्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी पाहिलं. २०१२ मध्ये निकाल आला: फायदा नाही. मधल्या काळात जनुकांचा अभ्यास फार पुढे निघून गेला होता. एफएलटी३ या जनुकातला बदल १९९६ मध्ये सापडला होता, एनपीएम१ या जनुकातला २००५ मध्ये. युरोपियन ल्युकेमियानेट या तज्ज्ञांच्या गटाने २०१०, २०१७ आणि २०२२ मध्ये जोखमीची जी वर्गवारी दिली, ती गुणसूत्रं आणि जनुकं यांवर उभी आहे. एमआरआयला तिच्यात जागा नाही.

मला हा निर्णय योग्यच वाटतो. ७८ रुग्ण, तेही एकाच रुग्णालयातले. यंत्र बदललं, औषध सोडण्याची गती बदलली, की आकडा बदलतो. तैपेईतली ‘चढा’ आणि ‘उतरता’ यांमधली रेघ मुंबईत जशीच्या तशी ओढता येत नाही. एनपीएम१ मधला बदल असतो किंवा नसतो, तो यंत्रागणिक हलत नाही. आणि एफएलटी३ कळलं की त्यावरचं औषध देता येतं. पीक कळून डॉक्टरच्या हातात नवं काहीच येत नव्हतं.

मल्टिपल मायलोमा या मज्जेतल्याच दुसऱ्या कर्करोगात एमआरआयचं नशीब निराळं निघालं. २०१४ पासून, रुग्णाला कसलाही त्रास नसला तरी, एमआरआयमध्ये ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे एकापेक्षा जास्त डाग दिसले तर उपचार सुरू करावेत, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. तिथे चित्र पाहून निर्णय बदलतो.

तरीही तैपेईचं काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी माणसाच्या एएमएलच्या पेशी उंदरांत वाढवल्या, तेव्हा मज्जेतल्या वाहिन्या गळक्या झालेल्या दिसल्या. त्यामागे नायट्रिक ऑक्साइडचं अतिरिक्त प्रमाण होतं. ते कमी केल्यावर गळती घटली आणि उपचारांचा गुणही वाढला. म्हणजे यंत्राला दिसणारा उजेड खऱ्या बिघाडाकडेच बोट दाखवत होता. वाहिन्या वाढू न देणं हा उपाय लागू पडला नाही; त्यांची गळती थांबवणं हा प्रश्न अजून उघडा आहे.

कोणताही असा आकडा गटाबद्दल बोलतो. चढ्या पीकच्या गटातही काही जण अपेक्षेपेक्षा जास्त जगतात. म्हणून खाटेवरच्या माणसाला महिने मोजून सांगण्यासाठी तो वापरू नये.

घरात कुणाला एएमएलचं निदान झालं, तर एमआरआयमागे धावू नका. केमोची पहिली बाटली लागण्याआधी मज्जेचा किंवा रक्ताचा नमुना गुणसूत्रांच्या आणि जनुकांच्या तपासणीला गेला आहे का, एवढं मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. उपचार सुरू झाल्यावर तसा नमुना पुन्हा मिळत नाही.