मूकपट-कलावंतांच्या पोस्टकार्डांचा संग्रह

मूकपट-कलावंतांच्या पोस्टकार्डांचा संग्रह हा जुनी सचित्र पोस्टकार्डे जमविण्याच्या छंदाचा एक विशेष प्रकार आहे. साधारणतः १९१० ते १९३० या काळात युरोप व अमेरिकेत विकल्या गेलेल्या, नट-नट्यांची छायाचित्रे असलेल्या कार्डांचा त्यात समावेश होतो. लंडन व पॅरिस येथेही अशी कार्डे निघत; तथापि संग्राहक बर्लिनच्या 'रॉस फेर्लाग' या प्रकाशनसंस्थेला विशेष मान देतात.

पार्श्वभूमी

आरंभीच्या चित्रपटांत कलावंतांची नावे सहसा दिली जात नसत. १९१०च्या सुमारास हा प्रघात बदलला. आस्ता नील्सन ही डॅनिश अभिनेत्री व हेनी पोर्टेन ही जर्मन अभिनेत्री यांच्या नावावर चित्रपट चालू लागले आणि आवडता चेहरा घरी नेण्याची हौस प्रेक्षकांत निर्माण झाली. जर्मनीत १९०५ पासून पत्त्याच्या बाजूवरच मजकूर लिहिण्याची मुभा मिळाल्याने दर्शनी बाजू चित्राला मोकळी झालेली होती. शिवाय ब्रोमाइड कागदाच्या लांब गुंडाळीवर यंत्राने छायाचित्रे उमटविण्याचे तंत्रही बर्लिनमध्ये रुळले होते. त्यामुळे छापील नक्कल नव्हे, तर अस्सल छायाचित्र अल्प किमतीत मिळू लागले. पुष्कळ कार्डे टपालात पडलीच नाहीत. ती थेट वहीत चिकटविली गेली. मागील बाजूस गोंदाचे डाग आढळतात, ते यामुळेच.

रॉस फेर्लाग

संस्थेचे संस्थापक हाइन्रिख रॉस (१८७०–१९५७) हे ज्यू होते. त्यांनी जर्मन कलावंतांबरोबर हॉलिवूडच्या ताऱ्यांचीही कार्डे काढली. 'मेट्रोपोलिस' (१९२७) सारख्या चित्रपटांतील प्रसंगांच्या मालिकाही प्रसिद्ध केल्या. नाझी राजवटीत १९३७ साली त्यांना स्वतःच्याच संस्थेतून बाहेर काढण्यात आले व १९३९ साली त्यांनी अमेरिकेत आश्रय घेतला. संस्थेचे नाव मात्र १९४१ पर्यंत वापरात राहिले. अर्थात, कार्डावर 'रॉस' असे छापलेले असले, तरी १९३७ नंतरच्या कार्डांशी त्या गृहस्थाचा काही संबंध नाही. विक्रेत्यांच्या याद्यांत हा भेद क्वचितच नोंदविला जातो.

ओळख आणि कालनिर्णय

भिंगातून पाहता छापील कार्डावर ठिपक्यांची जाळी दिसते. अस्सल छायाचित्रात छटा अखंड असतात. रॉसच्या कार्डांवरील क्रमांक काळानुसार सामान्यतः वाढत जातात, परंतु केवळ त्यावर विसंबणे योग्य नव्हे. चित्रसंस्थेचे नाव अधिक उपयोगी पडते. उदाहरणार्थ, 'पारुफामेत' ही उफा, पॅरामाउंट व मेट्रो-गोल्डविन यांची संयुक्त वितरणसंस्था १९२५च्या अखेरीस अस्तित्वात आली. तेव्हा तिचे नाव असलेले कार्ड त्याआधीचे असू शकत नाही. छायाचित्रकाराच्या नावाने मात्र फसगत होते. आलेक्झांडर बिंडर १९२९ साली निवर्तले, तरी त्यांच्या चित्रशाळेतून त्यांच्याच नावाने छायाचित्रे निघत राहिली. स्वाक्षरीबाबतही सावध राहावे लागते: बहुतेक स्वाक्षऱ्या छायाचित्राबरोबरच उमटविलेल्या असतात.

महत्त्व

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, तेथील सुमारे ११,००० पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात उरले आहेत. १९३७ साली न्यू जर्सीतील फॉक्स कंपनीच्या भांडारास लागलेल्या आगीत थीडा बाराचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले; तिच्या 'क्लिओपात्रा'चे (१९१७) थोडेसे तुकडेच शिल्लक आहेत. अशा चित्रपटांतील वेशभूषा, नेपथ्य व प्रकाशयोजना यांची कल्पना आता छायाचित्रे व पोस्टकार्डे यांवरूनच करावी लागते. एरवी केवळ हौशी मानला जाणारा हा संग्रह येथे अभ्यासाचे साधन ठरतो.

जतन

कार्डे आम्लरहित कागदात किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटांत, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवतात. पीव्हीसीची पाकिटे कालांतराने छायाचित्रास अपाय करतात. गडद भागांच्या कडांवर येणारी निळसर, धातूसारखी झाक ही चांदी पृष्ठभागावर आल्याने निर्माण होते. ती पुसण्याचा प्रयत्न केल्यास मूळ चित्र कायमचे खरवडले जाते. जाणकार खरेदीदार त्या झाकेला दोष मानीत नाहीत, कारण नव्याने छापलेल्या नकलेत ती आढळत नाही.