पाषाणमधला समुद्र

इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या उसाला नीरा डाव्या कालव्याचं पाणी मिळतं. हा कालवा वाहू लागला १८७६ ते १८७८च्या दुष्काळानंतर, १८८०च्या दशकात. त्यासाठी भोरजवळ भाटघरला येळवंडी नदी अडवली गेली. पुढं वालचंद हिराचंदांनी कळंबच्या शिवारात ऊसशेती आणि साखर कारखाना उभा केला, वालचंदनगर वसलं, ते याच पाण्याच्या भरवशावर. ज्या दुष्काळानं हा कालवा खणायला लावला, त्याचं कारण मात्र नीरेच्या खोऱ्यात सापडत नाही. १८७७ साली प्रशांत महासागरात जबरदस्त एल निनो होता. माणसानं सोडलेल्या कार्बनचा वाटा तेव्हा नगण्य होता. समुद्रानं ते वळण आपलं आपण घेतलं होतं.

समुद्र असा आपला आपण किती बदलतो, हे मोजणारं एक यंत्र कळंबपासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पुण्यात पाषाणला आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, जिला सगळे आयआयटीएम म्हणतात, तिथं बांधलेलं पृथ्वीचं संगणकी मॉडेल म्हणजे हे यंत्र.

संस्था १९६२ची. देशाच्या पावसाची १८७१पासूनची सलग मालिका बी. पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथंच लावली. ती चाळली की दिसतं, साधारण तीस वर्षं दुष्काळ वरचेवर पडतात, पुढची तीस वर्षं ते विरळ होतात. संस्थेतल्या आर. कृष्णन यांनी एम. सुगी यांच्यासोबत २००३ साली दाखवलं की प्रशांत महासागराच्या दशकानुदशकांच्या चढउताराचा आपल्या मान्सूनशी संबंध आहे. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली उत्तर अटलांटिकचा धागा जोडला: तो उबदार असला की युरोप-आशियावरची हवा तापते, उत्तर-दक्षिण तापमानाचा फरक वाढतो आणि मान्सून जास्त दिवस टिकतो. पण साठ-सत्तर वर्षांची एक फेरी धरली, तर दीडशे वर्षांच्या नोंदीत जेमतेम दोन फेऱ्या बसतात. दोन फेऱ्यांवरून नियम सांगता येत नाही. उरलेली शतकं संगणकात घडवावी लागतात.

पाषाणच्या मॉडेलातला समुद्राचा भाग अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या घराण्यातला आहे. कर्क ब्रायन यांनी १९६०च्या दशकात समुद्राच्या प्रवाहांची गणितं संगणकावर बसवली आणि १९६९ साली स्युकुरो मानाबे यांच्याबरोबर हवा आणि समुद्र पहिल्यांदा एका मॉडेलात जोडले. त्याच वंशातली एक पुढची आवृत्ती आज पाषाणला चालते. महासागराचे चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचं तापमान, क्षारता आणि वेग ठेवायचा, आणि शेजाऱ्याशी देवाणघेवाण करत घड्याळ पुढं सरकवायचं. बहुतेक ठिकाणी एका तुकड्याची बाजू सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे जवळपास पुण्याहून कळंबपर्यंतची. विषुववृत्ताजवळ जाळी बारीक होते, कारण एल निनो तिथंच घडतो. वरचे थर दहा-दहा मीटरचे, खाली जावं तसे जाड.

खरी मेहनत वेगळीच होती. संस्थेतल्या स्वप्ना पनिक्कल, कृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतलेलं मूळ मॉडेल हंगामाच्या अंदाजासाठी बनलेलं, काही महिने चालून थांबणारं. त्यात पृथ्वीवर येणाऱ्या आणि पृथ्वीवरून जाणाऱ्या ऊर्जेचा हिशेब नीट जुळत नव्हता. काही महिन्यांत तो फरक जाणवत नाही, शतकांत जाणवतो. कालव्याचा पाझर एका आवर्तनात कुणाच्या लक्षात येत नाही, पण वर्षानुवर्षं तो जमिनीत मुरला की रान चोपण होतं. नीरा खोऱ्यातल्या अशा खारपट जमिनींचा अभ्यास कृषिशास्त्रज्ञ डॉ. हॅरॉल्ड मान यांनी १९१०च्या सुमारासच केला होता. मॉडेलातला ऊर्जेचा पाझरही असाच खोल समुद्रात साठत जातो. मग समुद्र हलतोय की आपली चूक साठतेय, हे ओळखता येत नाही. तो पाझर बुजवत बुजवत मॉडेल शतकं चालण्याजोगं केलं गेलं. २०१५ साली त्याचा पहिला सविस्तर वृत्तांत छापला गेला, आणि पुढची सुधारलेली आवृत्ती जगभरच्या मॉडेलांच्या सहाव्या तुलनेत भारताकडून उतरली. असं मॉडेल भारतातून तिथं पहिल्यांदाच गेलं.

या तुलनेतला जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, त्याबद्दल बाहेर फारसं कुणी बोलत नाही. हवेतले वायू १८५०च्या पातळीवर गोठवायचे, सूर्य स्थिर ठेवायचा, ज्वालामुखीचे उद्रेक घडवायचे नाहीत, आणि मॉडेलला पाचशे वर्षं किंवा त्याहून जास्त तसंच चालू द्यायचं. बाहेरून काही बदलत नाही, तरी आत ओली आणि कोरडी दशकं येतात. ती का येतात याचं एक उत्तर क्लाउस हासेलमान यांनी १९७६ साली दिलं: रोजच्या हवेचे लहानसहान धक्के समुद्र गिळतो, साठवतो आणि संथ लाटेसारखे वर्षांनी परत देतो. मानाबे आणि हासेलमान यांना २०२१चं नोबेल मिळालं, त्यामागं ही कामं आहेत.

यात वादही आहे. हवामानशास्त्रज्ञ मायकेल मान यांनीच २००० साली अटलांटिकच्या दीर्घ हेलकाव्याला नाव दिलं. २०२१ साली त्यांनीच लिहिलं की गेल्या हजार वर्षांतला तो हेलकावा समुद्राचा स्वतःचा नसून ज्वालामुखींनी दिलेल्या धक्क्यांचा असावा. अशा वेळी ज्वालामुखी नसलेली ही पाचशे वर्षं साक्षीला उपयोगी पडतात.

कळंबसाठी या यंत्राची मर्यादा उघड आहे. त्यातल्या हवेच्या तुकड्याची बाजू सुमारे दोनशे किलोमीटर. पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं महाबळेश्वर आणि पाचशेच्या आसपास पाऊस पडणारं इंदापूर एकाच चौकटीत येऊ शकतात, आणि सह्याद्रीची भिंत सपाट होते. पण कळंबचा ऊस कळंबच्या पावसावर वाढत नाही, तो भाटघरच्या डोंगरातल्या पावसावर वाढतो. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२०च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मान्सूनचा पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि ठळक घट जिथं दिसली त्यात पश्चिम घाट आहे. त्या घटीत धुरकट हवेचा वाटा मोठा असल्याचं अहवाल म्हणतो. समुद्राचा स्वतःचा वाटा किती, हे वेगळं काढल्याशिवाय पुढच्या तीस वर्षांच्या पाण्याबद्दल बोलताच येणार नाही.

गोठवलेल्या १८५०मधून २०४० ओलं की कोरडं हे कळत नाही. त्यातली दशकं नमुन्याची असतात, तारखेची नसतात. तारीख हवी तर मॉडेलला आजचा खरा समुद्र द्यावा लागतो, खोलवरचा. ते काम आर्गो तरंडे करतात. जगभर असे सुमारे चार हजार तरंडे दोन किलोमीटर खोल बुडी मारून वर येतात आणि तापमान-क्षारता उपग्रहाला कळवतात. हिंदी महासागरातले भारताचे तरंडे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था सांभाळते. ही मोजणी जगभर पसरून अजून पंचवीस वर्षंही धड झालेली नाहीत. म्हणजे ज्या फेरीचा शोध घ्यायचा, तिचा निम्माही भाग अजून त्यांनी पाहिलेला नाही.