त्रेपन्न सांगितलं, मग मुलानं ३५ का लिहिलं?

दुसरीच्या वर्गात संख्यांचं श्रुतलेखन घेऊन बघा. 'त्रेपन्न' म्हटलं की दोन-चार वह्यांत हमखास ३५ सापडतं. 'एकोणसत्तर' म्हटलं की कुणीतरी ७९ लिहितं. आपण लाल पेनानं फुली मारतो. घरी वही उघडली की प्रश्न येतो, "लक्ष कुठे असतं तुझं?"

खरं तर अशा बऱ्याच मुलांचं लक्ष असतं. त्यांनी शब्द ऐकला, आणि ऐकला त्या क्रमानं लिहिला. 'त्रेपन्न'मध्ये आधी 'त्रे' येतो, म्हणजे तीन. मग 'पन्न', म्हणजे पन्नास. कागदावर मात्र ५ आधी आणि ३ नंतर. म्हणजे मुलाला तीन डोक्यात धरून ठेवायचे, पन्नासची वाट बघायची, ५ लिहायचा आणि मग धरलेला ३ उतरवायचा. आपल्याला सवयीनं हे कळतही नाही. सात वर्षांच्या मुलाच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीवर मात्र तो चांगलाच ताण असतो.

'एकोण'ची गंमत आणखी वेगळी. संस्कृतातल्या 'एक ऊन', म्हणजे एक कमी, यातून तो आला. एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी. मूल 'सत्तर' ऐकतं, शेवटी ९ असतो हे त्याला पाठ असतं, आणि ७९ तयार होतो! शिवाय आपला 'तीन' रूपं तरी किती बदलतो: तेरा, तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्र्याहत्तर. पन्नास कधी 'वन्न' होतो, कधी 'पन्न'. शतकानुशतकं बोलून बोलून शब्द झिजले, त्यामुळे शंभरपर्यंतची बहुतेक नावं वेगवेगळी पाठ करावी लागतात.

चिनी भाषेत ११ म्हणजे सरळ 'दहा-एक' आणि ५३ म्हणजे 'पाच-दहा-तीन'. केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन व चिनी बालकांच्या मोजण्याची तुलना १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. दहापर्यंत दोघांत फारसा फरक नव्हता, दहाच्या पुढे मात्र चिनी मुलं पुढे निघाली. अर्थात दोन देशांच्या शाळा वेगळ्या, घरं वेगळी. सगळं श्रेय भाषेला कसं द्यायचं, ही शंका रास्तच आहे.

म्हणून मला चेक भाषेतला अभ्यास जास्त पटतो. चेकमध्ये ५३ दोन्ही प्रकारे म्हणतात, 'पन्नास तीन' आणि 'तीन-आणि-पन्नास'. संशोधकांनी त्याच मुलांना दोन्ही प्रकारे संख्या सांगून लिहायला लावल्या. मुलं तीच, शाळा तीच, बदललं फक्त नाव. अंकांची अदलाबदल झाली ती मुख्यतः 'तीन-आणि-पन्नास' या प्रकारात. जर्मन भाषेतही एकक आधी येतो. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांच्या संख्यालेखनातल्या चुका तपासल्या, तेव्हा त्यांतल्या निम्म्याच्या आसपास याच जातीच्या निघाल्या.

नॉर्वेनं तर १९५१ मध्ये सरकारी निर्णयानं 'एक-आणि-वीस'चं 'वीस-एक' केलं. त्यामागे टेलिफोन खात्याचा आग्रह होता. तरी जुनी पद्धत तिथे अजून बोलण्यात ऐकू येते.

आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ दोन' अशी वाचनं आली आणि केवढा गदारोळ झाला! भाषा बिघडवली म्हणून थट्टा झाली, विधानसभेतही विषय गाजला. गणित समितीच्या डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, आणि दक्षिणेतल्या भाषांत दशक आधीच म्हणतात. ते खरंच आहे. कन्नडमध्ये ५३ म्हणजे 'ऐवत्तमूरु', आधी पन्नास, मग तीन. सीमाभागातल्या शिक्षकांना हे सांगायला नको.

माझं मत विचाराल तर 'पन्नास तीन' ही शिडी आहे, तिच्यावरून 'त्रेपन्न'पर्यंत चढायचं. काड्यांचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या मांडा. मुलाला आधी "पाच दशक तीन" म्हणू द्या, मग "पन्नास तीन", आणि लगेच "म्हणजे त्रेपन्न". श्रुतलेखनात सुरुवातीला विचारा, "त्रेपन्नमध्ये दशक कोणता ऐकू आला?" उत्तर आलं की मगच पेन्सिल. 'एकोण'साठी संख्यारेषा बरी. सत्तरवर बोट ठेवायचं आणि एक घर मागे यायचं.

"इंग्रजीतच शिकवा, सोपं पडेल," असं काही पालक म्हणतात. पण 'फोर्टीन'मध्येही चारच आधी येतो, आणि 'फोर्टीन-फोर्टी'चा घोळ इंग्रजी माध्यमाच्या शिक्षकांना विचारा. शिवाय भाजीवाल्या मावशी "पंचावन्न झाले" म्हणतात आणि चौथीतलं पोर आईकडे बघतं, हे आता शहरात रोजचं झालंय. ती नावं कानावर पडायलाच हवीत. बसचं तिकीट, दुधाचा हिशेब, आजीच्या फोनमधले नंबर, कुठेही.

आणि अठ्ठ्याण्णवनंतर एखादं मूल "एकोणशंभर" म्हणालं, तर हसू नका. एकोणतीस, एकोणचाळीस ऐकून नियम त्यानं स्वतःच शोधलाय. त्याला "बरोबर, शंभरला एक कमी" म्हणा, आणि मग सांगा की या एका ठिकाणी आपण नव्व्याण्णव म्हणतो.