करमुक्त पगाराचा पूर्ण हिशेब

दुबईहून नोकरीचा प्रस्ताव आला की घरातला पहिला हिशेब दिरहमचे रुपये करण्याचा असतो आणि दुसरा वाचणाऱ्या प्राप्तिकराचा. दोन्ही बरोबरच आहेत. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही. दिरहम 1997 पासून एका डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की घरी पाठवलेल्या पैशांचे इथे जास्तच रुपये होतात. रत्नागिरी-रायगडच्या आणि गोव्याच्या कितीतरी गावांतली पक्की घरे आखातातल्या पैशांवर उभी राहिली. तरीही हे दोन हिशेब अपुरे आहेत, असे माझे ठाम मत आहे. या पगारातला बराच भाग कायमपणा नसण्याची भरपाई असतो. ती भरपाई वेगळी न काढता सगळी रक्कम मिळकत म्हणून खर्च केली, तर पंधरा-वीस वर्षांनंतरही माणूस रिकाम्या हाताने परततो.

कायमपणा नसतो म्हणजे नेमके काय होते, ते भाड्याच्या घरापासून पाहावे. दुबईत भाडेकरार साधारणपणे वर्षाचा असतो आणि भाडेकरू वर्षभराचे चेक पुढच्या तारखा घालून आधीच देऊन टाकतो. कधी चार, कधी दोन, कधी सगळ्या वर्षाचा एकच. करार ‘इजारी’ या सरकारी व्यवस्थेत नोंदवल्यावर वीज-पाण्याचे कनेक्शन मिळते. म्हणजे घरात पाऊल ठेवतानाच पुढच्या बारा महिन्यांच्या उत्पन्नावर सह्या झालेल्या असतात. आणि ते उत्पन्न ज्या नोकरीतून यायचे, तिच्यावरच निवासाचा परवाना टांगलेला असतो. नेहमीचा परवाना दोन वर्षांचा. बायको-मुलांचे परवाने कमावत्या माणसाच्या परवान्यावर अवलंबून. नोकरी गेली आणि परवाना रद्द झाला, की दुसरी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला वर्गवारीनुसार साठ ते एकशेऐंशी दिवस मिळतात. तेवढ्यात मुलाची शाळा, बँकेचे कर्ज, उरलेले चेक आणि सामान, सगळेच निस्तरायचे.

म्हातारपणाचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. तिथले निवृत्तिवेतन परदेशी नोकरदाराला लागू नाही. त्याला मिळते ती सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी: पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला 21 दिवसांचा आणि त्यापुढे वर्षाला 30 दिवसांचा पगार, तोही फक्त मूळ पगार. समजा, एखाद्याचा एकूण पगार 15,000 दिरहम आहे आणि त्यात मूळ पगार 7,500. पहिल्या पाच वर्षांचे 26,250 दिरहम झाले, पुढच्या पाच वर्षांचे 37,500, एकूण 63,750. दहा वर्षांच्या नोकरीनंतर हातात पडणारी ही रक्कम सव्वाचार महिन्यांच्या पूर्ण पगाराएवढी आहे. भारतात भविष्यनिर्वाह निधीत नोकरदार आणि मालक दोघेही मूळ पगाराच्या बारा-बारा टक्के भरतात, आणि ग्रॅच्युइटी त्याशिवाय असते. दुबईच्या वित्तीय केंद्रात 2020 पासून मालकांना दरमहा निधीत पैसे भरावे लागतात, हा चांगला अपवाद. पण बहुतेक नोकऱ्या त्याबाहेरच्या आहेत.

कामानिमित्त सतत फिरणाऱ्यांना हे आणखी जाणवते. दुबईत नेमणूक झाली की कामाचे क्षेत्र बहुधा रियाध, दोहा, नैरोबीपर्यंत पसरते. विमाने भरपूर, पण पासपोर्ट भारतीय, त्यामुळे व्हिसाची खटपट पाचवीला पुजलेली. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी अर्ज राहत्या देशातून करायचा असतो आणि निवास परवाना परतीनंतरही किमान तीन महिने वैध असावा लागतो. परवान्याचे नूतनीकरण तोंडावर आले असेल किंवा नोकरी बदलत असेल, तर दौराच अडतो. त्यात दिवस मोजण्याची कटकट. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिले तर अमिरातीचा साधा परवाना रद्दबातल होऊ शकतो. इकडे भारतात 182 दिवस भरले तर करासाठीचे अनिवासीपण जाते, आणि भारतातले उत्पन्न 15 लाखांहून अधिक असणाऱ्यांना 120 दिवसांपासूनच सावध राहावे लागते. आईच्या आजारपणात किती दिवस राहायचे, हे ठरवतानाही कॅलेंडर पाहावे लागावे, याचे मला फार वाईट वाटते.

यावर म्हटले जाते की आता गोल्डन व्हिसा आहे. 2019 पासून सुरू झालेला हा दहा वर्षांचा परवाना मालकावर अवलंबून नसतो, ही मोठी सुधारणा आहे. पण व्यावसायिकांसाठी 30,000 दिरहम पगाराची आणि घर घेणाऱ्यांसाठी 20 लाख दिरहम किमतीची अट बहुसंख्यांच्या आवाक्याबाहेर आहे. शिवाय सामान्य नोकरदाराने अर्ज करून नागरिकत्व मिळवण्याची वाट तिथे नाही. दुसरा आक्षेप, भारतात तरी नोकरी कुठे पक्की आहे? नाहीच. पण पुण्यात नोकरी गेली तर हप्ते थकतात, शहर सोडा असे कोणी सांगत नाही; बायकोची नोकरी आणि मुलाची शाळा चालू राहते. अमिरातीत 2023 पासून बेरोजगारी विमा सक्तीचा झाला, पण तोही मूळ पगाराच्या कमाल साठ टक्के आणि जास्तीत जास्त तीन महिने. तिसरा युक्तिवाद अंतराचा: मुंबई तीन तासांवर. पण करोनाच्या साथीत, एप्रिल 2021 च्या अखेरीस, भारतातून येणाऱ्यांना अमिरातीत प्रवेशबंदी झाली आणि ती ऑगस्टपर्यंत सैल झाली नाही. सुट्टीवर आलेले कितीतरी जण इकडेच अडकले, तिकडे भाड्याचे चेक वटतच होते. दुबईतल्या सोनापूरच्या कामगार वसाहतींत राहणाऱ्यांपुढे तर हे सारे प्रश्न चैनीचे ठरतील. कुटुंब आणायला 4,000 दिरहम, किंवा राहायची जागा नोकरी देणाऱ्याकडून असेल तर 3,000 दिरहम पगार लागतो, आणि तेवढाही नसणारे वर्षानुवर्षे एकटे राहतात.

म्हणून जाऊ नका, असे मी म्हणत नाही. जाणाऱ्याने पूर्ण आकडे मांडून जावे. प्रस्तावावर सही करण्याआधी मूळ पगार किती, बायको-मुलांचा आरोग्य विमा आणि शाळेची फी कोण भरणार, नोकरी संपल्यास परतीचा आणि सामानाचा खर्च कोणाचा, हे लेखी विचारा. मूळ पगार एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी दाखवला असेल तर तो वाढवून मागा. आणि पहिल्या पगारापासून किमान चौथा हिस्सा परतीच्या खात्यात टाका. घराचा नवा मजला त्यानंतर.