चापड्याची बारशी

पौष अमावास्येला तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. गोंडांच्या मेश्राम कुळातली मंडळी पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात आणि त्याने देवाची पूजा बांधतात. नागाला असा मान आहे. डोंगरातल्या जंगलात राहणाऱ्या चापडा नावाच्या सापाला मात्र ना देऊळ, ना जत्रा. इंग्रजी पुस्तकांतला बांबू पिट वायपर तो हाच. पूर्व घाटात तो आहे, सातपुड्यात मेळघाटाकडेही आहे आणि आदिलाबाद या दोहोंच्या मधे येतं.

त्याची शास्त्रीय जन्मकथा तेलुगू मुलखातच सुरू होते. पॅट्रिक रसेल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला स्कॉटिश डॉक्टर. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरचा त्याचा चित्रमय ग्रंथ 1796 मध्ये निघाला. त्यात विशाखापट्टणमकडच्या एका हिरव्या सापाचं चित्र आहे. रसेलने त्याला लॅटिन नाव दिलंच नाही, लोकांकडून ऐकलेलं ‘बोद्रू पाम’ तसंच छापलं. (आपली घोणस इंग्रजीत त्याचंच नाव लावते, ते वेगळं.) मग लंडनच्या जॉर्ज शॉने 1802 मध्ये रसेलच्या या सापाचं रीतसर बारसं केलं: कोलुबर ग्रामिनेउस. कोलुबर म्हणजे त्या काळची धर्मशाळाच. विषारी-बिनविषारी, वाटेल तो साप तिथे उतरे.

पुढे हा साप ट्रायमेरेसुरस वंशात गेला आणि खरा गोंधळ तिथून वाढला. भारतापासून इंडोनेशियापर्यंत झाडावर हिरवा पिट वायपर दिसला की संग्रहालयातल्या बरणीवर ‘ग्रामिनेउस’ अशी चिठ्ठी लागायची. क्लिफर्ड आणि सारा पोप या दांपत्याने 1933 मध्ये त्या बरण्या पुन्हा उघडल्या. खवल्यांच्या ओळी मोजल्या, नरांची जननेंद्रियं ताडून पाहिली आणि एका नावाखाली दडलेल्या कितीतरी जाती वेगळ्या काढल्या. सर्पशास्त्रातलं इतकं किचकट आणि इतकं मोलाचं काम क्वचितच झालं असेल. अनिता मल्होत्रा आणि रॉजर थॉर्प यांनी 2004 मध्ये डीएनएच्या आधारे अख्खा वंशच फोडला. 2021 मध्ये अशोक कुमार मल्लिक आणि सहकाऱ्यांनी द्वीपकल्पातल्या जातींसाठी क्रॅस्पेडोसेफॅलस हे जुनं वंशनाम परत आणलं आणि पश्चिम घाटातल्या बांबू पिट वायपरला ऑक्सिडेंटालिस म्हणून वेगळं केलं. हे नावही पोप दांपत्याचंच, मधली कित्येक वर्षं अडगळीत पडलेलं. शॉचं ‘ग्रामिनेउस’ आता पुन्हा पूर्वेकडच्या मूळ सापापाशी येऊन थांबलंय. आंबोलीत पावसाळ्यात लोक कॅमेरे घेऊन ज्याच्यामागे धावतात तो मलबारी चापडा निराळा. जेर्डनने त्याची नोंद 1854 मध्ये केली. हिरवा, तपकिरी, पिवळा, नारिंगी असे त्याचे रंग आहेत.

चापडा दोन-अडीच फुटांचा. डोकं त्रिकोणी, मान बारीक, शेपटीची पकड घट्ट. दिवसभर तो बांबूच्या बेटात वेटोळं घालून निपचित असतो आणि रात्री बेडूक, पाली, लहान पक्षी, उंदीर टिपतो. हिरवा म्हणून हरणटोळाशी त्याची गल्लत होते, पण हरणटोळ चाबकासारखा लांब, टोकदार नाकाचा आणि त्याची बाहुली आडवी, चापड्याची उभी. मादी अंडी घालत नाही, पिल्लंच देते.

नाकपुडी आणि डोळा यांच्या मधे दोन्ही बाजूंना एकेक खळगी असते, ‘पिट वायपर’मधला पिट तो हाच. तिच्यात पातळ पडदा ताणलेला असतो आणि त्यावर मज्जातंतूंचं दाट जाळं. उबदार रक्ताचा उंदीर जवळून गेला की पडदा किंचित तापतो. तापमानातला अंशाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागणारा फरकही या सापांना कळतो. या ज्ञानेंद्रियातला उष्णता टिपणारा रेणू 2010 मध्ये सापडला: टीआरपीए-1. माणसात हाच रेणू मोहरीचा झणझणीतपणा ओळखतो! खळगीकडून आलेली खबर मेंदूत डोळ्यांच्या खबरीला जोडली जाते, म्हणून मिट्ट काळोखातही नेम सहसा चुकत नाही.

तो आपणहून अंगावर येत नाही. पण बसतो कमरेच्या, छातीच्या उंचीवर. त्यामुळे बांबू तोडताना, फांदी बाजूला सारताना दंश बहुधा हाताला होतो. वेदना आणि सूज बरीच येते, मृत्यू मात्र विरळा. अडचण औषधाची आहे. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बेतलेलं. चापडा त्यात नाही. हिरवा साप चावला एवढं ऐकून बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तर फायदा राहो बाजूला, ॲलर्जीचा धोका तेवढा पदरात पडतो. त्यामुळे दंश झालेला हात हलू न देता, आवळून न बांधता, न कापता माणसाला दवाखान्यात पोचवायचं. तिथे डॉक्टर थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि नळी वीस मिनिटं न हलवता ठेवतात. मग ती तिरकी करून पाहायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचा संशय बळावतो आणि उपचाराची दिशा बदलते.